विश्लेषण : सनई मैफलीत पोहोचली, वाजंत्री मात्र दारातच राहिले! बिस्मिल्ला खाँ यांच्या वाटचालीतून काय दिसते?

लग्नसराईत जळगाव किंवा धुळ्यातल्या एखाद्या मंगल कार्यालयात सकाळी पाऊल ठेवले, की सनईचे सूर कानावर येतात. सनईवाला मात्र कुठेच दिसत नाही. आवाज स्पीकरमधून येत असतो आणि स्पीकरला कुणाचा तरी मोबाइल किंवा पेन ड्राइव्ह जोडलेला असतो. ती सनई अनेकदा उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची असते. २००६ मध्ये त्यांचे निधन झाले, तरी खान्देशातल्या लग्नांमधली त्यांची हजेरी चुकलेली नाही.

देवळाच्या आणि वाड्याच्या दारात वाजणारे हे वाद्य खाँसाहेबांनी शास्त्रीय मैफलीत नेले. हे त्यांना कसे जमले, वाद्यात नेमके काय बदलले, याच कुळातल्या चिनी वाद्याने कोणती वाट धरली आणि गावच्या वाजंत्र्याच्या पदरात काय पडले, हे समजून घेऊ या.

सनई नेमकी वाजते कशी?

सनई म्हणजे लाकडाची, खाली रुंद होत जाणारी नळी. तिच्या टोकाला धातूचा कर्णा असतो आणि वर बोटांसाठी साधारण ७ छिद्रे असतात. तोंडात धरायच्या भागात पत्ती असते. नरकट नावाच्या बोरूसारख्या गवताच्या किंवा ताडाच्या पानाच्या पातळ पट्ट्या एकमेकींवर बसवून ती बनवतात. फुंक मारली की पट्ट्या एकमेकींवर आपटून थरथरतात आणि नळीतली हवा गुंजू लागते. म्हणूनच हे जोडपत्तीचे वाद्य. बँडमधल्या क्लॅरिनेटला एकच पत्ती असते.

नळीच्या आकाराचाही सुरावर परिणाम होतो. सनईची नळी शंकूसारखी असल्याने फुंकीचा आणि ओठांचा दाब वाढवला, की तोच सूर वरच्या सप्तकात मिळतो. क्लॅरिनेटची नळी जवळपास सरळ असल्याने तिथे हे गणित वेगळे असते. सनईचा आवाज मोठा आणि टोकदार असतो. उघड्या मैदानात, गर्दीत आणि नगाऱ्याच्या जोडीला तो सहज ऐकू जातो. पण बंद सभागृहात हाच गुण अडचणीचा ठरतो.

दुसरी अडचण सुरांची. सनईला चाव्या नाहीत. हार्मोनियमची पट्टी दाबली की ठरलेला सूर येतो. सनईत मात्र छिद्र किती उघडायचे, ओठांचा दाब किती ठेवायचा आणि फुंक किती द्यायची, हे वाजवणाऱ्याला क्षणाक्षणाला ठरवावे लागते. जरा चूक झाली तर सूर घसरतो. पण एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींडही या मोकळेपणामुळेच निघते.

हे वाद्य आले कुठून?

इराणमध्ये या वाद्याला सुरना किंवा सोरना म्हणतात, तुर्कस्तानात झुर्ना. मध्य आशियातून ते चीनमध्ये गेले आणि तिथे सुओना झाले. भारतात ते शहनाई झाले आणि मराठीत सनई. अकबराच्या काळातल्या नगारखान्याच्या वर्णनात सुरना आहे. दक्षिणेतले नागस्वरम हेही जोडपत्तीचेच, पण लांबीने बरेच मोठे.

महाराष्ट्रात किल्ल्यांवर, वाड्यांवर आणि देवळांच्या दारांवर नगारखाने असत. ठरलेल्या प्रहरी तिथे सनई-चौघडा वाजे. वाजवणारे घडशी, गुरव, होलार, मातंग अशा समाजांतले असत. मंगलकार्य त्यांच्यावाचून अडायचे, पण त्यांची जागा दारात किंवा ओसरीवर ठरलेली असे. आत बसून गाणाऱ्या गवयाचा मान वाजंत्र्याला नव्हता. उत्तर भारतातही असेच होते. बिस्मिल्ला खाँ यांच्या कामाचे मोल या पार्श्वभूमीवर कळते.

बिस्मिल्ला खाँ घडले कसे?

त्यांचा जन्म २१ मार्च १९१६ रोजी बिहारमधल्या डुमराव इथे झाला. खरे नाव कमरुद्दीन. नातवाला पाहताच आजोबांच्या तोंडून बिस्मिल्ला हा शब्द निघाला आणि तेच नाव पडले, असे सांगितले जाते. घराणे वाजंत्र्यांचेच. वाडवडील डुमराव संस्थानच्या दरबारात वाजवत. पत्तीसाठी लागणारा नरकट याच भागात नदीकाठी मिळतो.

वयाच्या सहाव्या वर्षी ते वाराणसीला मामांकडे आले. मामा अलीबक्श विलायतू हे विश्वनाथ मंदिराशी जोडलेले सनईवादक होते. भाच्याचा रियाज गंगेच्या काठी, बालाजीच्या मंदिरात चाले. मंदिराकडे जायच्या वाटेवर रसूलनबाई आणि बतूलनबाई या गायिका बहिणींचे घर होते. तिथून ठुमरी आणि टप्पा कानावर पडे. पुढे त्यांच्या सनईत गळ्यातल्या गाण्याचा जो बाज आला, त्याची सुरुवात या वाटेवर झाली.

१९३० मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्यांनी मामांबरोबर अलाहाबादच्या संगीत परिषदेत वाजवले. १९३७ मध्ये कोलकात्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेतल्या वादनाने त्यांचे नाव देशभर झाले. त्यानंतर लखनौ आकाशवाणीची दारे उघडली. थोरले भाऊ शम्सुद्दीन आधी त्यांच्या जोडीला वाजवत.

त्यांनी सनईत काय बदलले?

वाद्याच्या बांधणीत त्यांनी फारसा हात घातला नाही. चाव्या बसवल्या नाहीत की छिद्रे वाढवली नाहीत. बदलली ती वाजवण्याची रीत.

नगारखान्यातली सनई मुख्यतः ठरलेल्या धून, चाली आणि प्रहराचे राग वाजवी. खाँसाहेबांनी ख्यालगायकीप्रमाणे रागाचा विस्तार सुरू केला. आधी संथ आलाप, मग बंदिश, मग ताना. अर्धे छिद्र झाकून आणि बोट हळूहळू सरकवून त्यांनी मींड काढली. आवाज हवा तेव्हा इतका लहान केला, की सभागृहातल्या माणसाला जवळ बसून कुणी गुणगुणत असल्यासारखे वाटावे. मोठ्या आवाजासाठी बनलेल्या वाद्यातून कुजबुज काढायची तर श्वासावर आणि ओठांवर विलक्षण ताबा लागतो. त्यासाठी त्यांनी तासन् तास रियाज केला.

साथीचा जुना मेळ त्यांनी मोडला नाही. एक किंवा दोन सनया केवळ षड्ज धरून राहत. तो सूर तुटू नये म्हणून साथीदार गालात हवा साठवून नाकाने श्वास घेत. खुर्दक हे परंपरेतले तालवाद्य त्यांनी सोडले नाही, त्याच्या जोडीला तबलाही आला. मैफलीला बसलेल्या रसिकाला ओळखीचे वाटावे, पण सनईचे मूळ रूपही जपले जावे, अशी ही मांडणी होती.

मराठी संगीतकारांशी त्यांचे नाते काय?

व्हायोलिनवादक विष्णू गोविंद जोग यांच्याबरोबरची त्यांची जुगलबंदी खूप गाजली. व्हायोलिनवर सलग मींड काढता येते. त्याच्यासमोर सनई तोडीस तोड उभी राहते, हे या जुगलबंदीने श्रोत्यांना ऐकवले. सतारवादक विलायत खाँ यांच्याबरोबरच्या ध्वनिमुद्रिकाही लोकप्रिय झाल्या.

१९५९ मध्ये विजय भट्ट यांचा ‘गूँज उठी शहनाई’ आला. नायक सनईवादक, भूमिका राजेंद्रकुमार यांची आणि संगीत कोकणातून आलेल्या वसंत देसाई यांचे. पडद्यावरच्या नायकाची सनई प्रत्यक्षात खाँसाहेबांनी वाजवली. ज्या गावांत शास्त्रीय मैफल कधी झाली नव्हती, तिथल्या टुरिंग टॉकीजपर्यंत ही सनई गेली. त्याआधी १९५८ मध्ये सत्यजित राय यांच्या ‘जलसाघर’मध्ये ते दिसले होते. १९७७ च्या ‘सनादी अप्पण्णा’ या कन्नड चित्रपटासाठीही त्यांनी वाजवले.

२००१ मध्ये भारतरत्न मिळाले तेव्हा त्यांच्याबरोबर त्या वर्षीच्या दुसऱ्या मानकरी लता मंगेशकर होत्या. त्याआधी १९५६ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार, १९६१ मध्ये पद्मश्री, १९६८ मध्ये पद्मभूषण आणि १९८० मध्ये पद्मविभूषण असे सन्मान त्यांना मिळाले होते. एम. एस. सुब्बुलक्ष्मी आणि रविशंकर यांच्यानंतर भारतरत्न मिळालेले ते तिसरे शास्त्रीय संगीतकार.

लाल किल्ल्यावरची सनई इतकी महत्त्वाची का?

१९४७ मध्ये स्वातंत्र्याच्या सोहळ्यात दिल्लीच्या लाल किल्ल्यावर त्यांची सनई वाजली. २६ जानेवारी १९५० रोजी, देश प्रजासत्ताक झाला त्या दिवशी, त्यांनी तिथे राग काफी वाजवला. पुढे स्वातंत्र्यदिनी त्यांची सनई दूरदर्शनवर ऐकणे हा अनेक घरांतला शिरस्ता झाला. आकाशवाणीच्या सकाळच्या मंगलध्वनीतूनही ती घरोघरी पोहोचली.

एके काळी नगारखान्यातली सनई राजाच्या येण्याची वर्दी देई. लाल किल्ल्यावर मोगलांचाही नौबतखाना होता. त्याच किल्ल्यावर आता सनई लोकांच्या राज्याची वर्दी देत होती. त्यासाठी निवड झाली ती वाजंत्र्याच्या घरात जन्मलेल्या, मंदिराच्या आवारात रियाज केलेल्या मुस्लिम कलाकाराची. खाँसाहेब शिया पंथाचे होते. मोहरमच्या आठव्या दिवशी ते वाराणसीत उभ्याने, चालत, रडत सनई वाजवत. त्या दिवशी कोणताही राग वाजवला जात नसे. वर्षभर काशी विश्वनाथ आणि बालाजी यांच्यावरची श्रद्धाही तितकीच पक्की असे. या दोन गोष्टींत त्यांना कधी विरोध वाटला नाही.

चीनने सुओनाचे काय केले?

सुओनालाही शंकूच्या आकाराची नळी, जोडपत्ती आणि धातूचा कर्णा असतो. बोटांसाठी समोर ७ आणि मागे १ अशी ८ छिद्रे असतात. चीनच्या खेड्यांत लग्नाला सुओना लागे आणि अंत्ययात्रेलाही. वाजवणाऱ्यांचा सामाजिक दर्जा तिथेही खालचाच होता.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तिथे मोठे बदल झाले. संगीत महाविद्यालयांत सुओना शिकवली जाऊ लागली. मोठ्या वाद्यवृंदात बसावी म्हणून तिला धातूच्या चाव्या बसवल्या आणि वेगवेगळ्या उंचीच्या सुरांसाठी लहान-मोठे प्रकार तयार केले. चाव्यांमुळे सूर नेमके लागतात आणि पाश्चात्त्य पद्धतीच्या स्वररचना वाजवता येतात. चाव्यांविना असलेली जुनी सुओनाही टिकून आहे.

भारतातही वाद्याची बांधणी बदलण्याचे प्रयोग झाले. तमिळनाडूत नागस्वरमवादक टी. एन. राजरत्नम पिल्लै यांच्यासाठी कारागीर रंगनाथन आचारी यांनी अधिक लांब आणि खालच्या सुरातले नागस्वरम बनवले. महाराष्ट्रात सोलापूर-अक्कलकोट भागातल्या जाधव घराण्याने सुंदरी हे सनईपेक्षा आखूड आणि उंच सुराचे वाद्य मैफलीत आणले. पुण्यात शंकरराव गायकवाड यांनी ध्वनिमुद्रिकांतून आणि मैफलींतून रागदारी सनई लोकांपर्यंत नेली. त्यांच्या कुटुंबात ही कला पुढे चालू राहिली. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाची सुरुवात अनेकदा सनईने होते, ती याच परंपरेतून.

थोडक्यात, चीनने वाद्य बदलले आणि त्याबरोबर शिकवण्याची व्यवस्थाही उभी केली. उत्तर भारतात मोठा बदल झाला तो एका माणसाच्या फुंकीतून आणि बोटांतून. अशा बदलाची अडचण अशी, की तो माणूस गेला की बदल पुढे न्यायला संस्था उरत नाही. खाँसाहेबांनी शिष्यही मोजकेच घडवले.

एवढे नाव झाल्यावर परिस्थिती बदलली का?

माँट्रियल, ओसाका, एडिनबरा अशा ठिकाणी वाजवूनही त्यांचे राहणे वाराणसीतल्या बेनियाबाग भागातल्या जुन्या घरातच राहिले. ते सायकलरिक्षाने फिरत. त्यांच्या कमाईवर चालणारे कुटुंब फार मोठे होते आणि शेवटच्या वर्षांत पैशांची ओढाताण लपून राहिली नाही. दिल्लीच्या इंडिया गेटवर हुतात्म्यांसाठी सनई वाजवायची त्यांची इच्छा अपुरी राहिली.

२१ ऑगस्ट २००६ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, वाराणसीत त्यांचे निधन झाले. सरकारने एक दिवसाचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला आणि लष्कराने मानवंदना दिली. त्यांना दफन करताना सोबत सनई ठेवण्यात आली.

डिसेंबर २०१६ मध्ये त्यांच्या काही सनया चोरीला गेल्याची तक्रार झाली. त्यांतल्या बहुतेक चांदीच्या होत्या. पुढच्याच महिन्यात पोलिसांना चांदी सापडली, पण वितळवलेल्या रूपात. भारतरत्न कलाकाराच्या सनयांची किंमत बाजारात चांदीच्या वजनाएवढीच झाली. त्या वेळेपर्यंत त्या एखाद्या संग्रहालयात जपून ठेवलेल्या नव्हत्या, हेही त्यातून उघड झाले.

खान्देशातल्या वाजंत्र्यांचे काय झाले?

खाँसाहेबांमुळे सनईचा मान वाढला, सनई वाजवणाऱ्या गावोगावच्या माणसांचा मात्र तितकासा वाढला नाही. ध्वनिमुद्रणाने एका कलाकाराची सनई लाखो घरांत नेली. लग्नघरातले सनईवाल्याचे कामही त्याच ध्वनिमुद्रणाने कमी केले. पूर्वी हळदीपासून पाठवणीपर्यंत वाजंत्री लागत. आता मुहूर्तापुरती सनई मोबाइलवर लावली की काम भागते. वरातीची जागा आधी ब्रास बँडने घेतली, मग डीजेने. जळगाव, धुळे भागात कानबाईच्या मिरवणुकीतही बँड आणि डीजे रुळले आहेत. बँडमध्ये सुरावट वाजवायला क्लॅरिनेट असल्याने तिथेही सनईला जागा उरली नाही.

हे फक्त इथेच झाले असे नाही. चिनी दिग्दर्शक वू तियानमिंग यांचा ‘साँग ऑफ द फिनिक्स’ हा चित्रपट २०१६ मध्ये चीनमध्ये प्रदर्शित झाला. तरुण सुओनावादकाच्या गावात पाश्चात्त्य बँड येतो आणि लग्नाची सुपारी हातची जाते, अशी त्याची गोष्ट आहे. चाव्या लागल्या, महाविद्यालये निघाली, तरी खेड्यातल्या वादकाचा पोटाचा प्रश्न चीनमध्येही सुटला नाही.

खान्देशात सनईची मागणी पूर्ण संपलेली नाही. जळगावचा कार्तिकी एकादशीचा श्रीराम रथोत्सव आणि अमळनेरची वैशाखातली सखाराम महाराजांची यात्रा अशा उत्सवांत पारंपरिक वाद्यांना मान आहे. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकावर बंदी असल्याने आणि डीजेच्या आवाजाबद्दल तक्रारी वाढल्याने काही घरे पुन्हा सनई-संबळाकडे वळत आहेत. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन योजनेत पात्र ज्येष्ठ कलावंतांना दरमहा ५ हजार रुपये मिळतात. त्यासाठी वयाची अट साधारण ५० वर्षांची आहे.

पण मानधन उतारवयासाठी असते. पंचविशीतल्या मुलाने हे वाद्य हातात धरायचे तर त्याला लग्नसराईत काम मिळायला हवे आणि उरलेल्या महिन्यांत शिकवणारे कुणीतरी हवे. बिस्मिल्ला खाँ यांना या दोन्ही गोष्टी लहानपणी मिळाल्या होत्या. मामा घरात होते आणि मंदिराच्या नौबतखान्यात रोजचे काम होते. पुढचा सनईवादक कुठून येणार, हा प्रश्न मंगल कार्यालयाच्या दारात रिकाम्या असलेल्या त्या जागेपासूनच सुरू होतो.